पेढीचे संगणक इंटरनेटला जोडताना

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आम्हा कापडवाल्यांचे बिल, रिटर्न, बँकेचा व्यवहार सारे इंटरनेटवर गेले. तरी पुष्कळ व्यापारी बांधवांचा समज असा की, कंपनीचा माणूस वायर जोडून गेला म्हणजे काम झाले. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

पेढीतले चार संगणक, प्रिंटर व कॅमेऱ्याची पेटी आधी एका स्विचला जोडतात. हे आतले जाळे. आतल्या आत हिशेब पाहायला इंटरनेट लागत नाही. या जाळ्याचा बाहेरच्या जगाशी सांधा म्हणजे राउटर. आतल्या यंत्रांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते असतात; ते बाहेर चालत नाहीत. मार्केटच्या इमारतीचा पत्ता एक आणि आत गाळे पन्नास, तसाच हा प्रकार. कोणत्या गाळ्याने काय मागवले याची नोंद राउटर ठेवतो, आलेले उत्तर त्यालाच पोचवतो. न मागवलेला माल दारावरूनच परत जातो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच, म्हणून ही व्यवस्था निघाली.

लीज्ड लाइन महाग असते. लहान पेढीला साधी फायबर लाइन आणि ती बंद पडल्यास मोबाइलचे सिम एवढा इंतजाम आमच्या मते पुरे.

दगा होतो तो आपणच दार उघडल्यामुळे. घरी बसून कॅमेरे पाहता यावेत, हिशेबनिसाला त्याच्या घरून खाती उघडता यावीत, म्हणून राउटरमध्ये कायमची वाट मोकळी करून ठेवतात. पासवर्डही कारखान्यातून आलेला तोच! त्याऐवजी व्हीपीएन घ्यावे. त्यात ओळख पटल्यावरच माणूस आत येतो आणि मजकूर कुलूपबंद होऊन जातो. गिऱ्हाइकांचे वायफाय हिशेबाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे.

नुसते दार भक्कम असूनही भागत नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून विषाणू पसरला. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही खोळंबले. माल ज्यांचा अडकला, त्यांचा यात काय कसूर? कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंदवही जगभर पुसली गेली. एक प्रत वाचली ती घानामध्ये, कारण तेथे नेमकी वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते.

आपल्याला वीज जाण्याची वाट पाहायला नको. रोज संध्याकाळी उधारीच्या खात्यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी, डिस्क संगणकातून काढावी आणि तिजोरीत ठेवावी. डिस्क दोन असाव्यात, एक दिवसाआड बदलून. महिन्यातून एकदा त्यातले एखादे खाते उघडून पाहावे.