गुन्ह्याआधी हात धरा

३ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे शिर्डीत कामावर निघालेल्या साई संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांची चाकूने हत्या झाली. पोलीस तपासात लुटीचा हेतू पुढे आला. एका निरपराध जिवाची हत्या ही जणू समस्त मानवजातीची हत्या होय, अशी कुरआनची शिकवण आहे (सूरह माइदा, आयत ३२).

लोभातून लूट, क्रोधातून हिंसा आणि नशेतून विवेकशून्य कृत्ये घडतात. पुष्कळदा ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. याच सूरहच्या ९०-९१ आयतींत मद्य व जुगार ही वैराची मुळे ठरविली आहेत.

कायदा बहुधा गुन्ह्यानंतर येतो. प्रतिबंध घरातून सुरू होतो. अत्याचारी भावालाही मदत करा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आणि त्याला अत्याचारापासून रोखणे हीच ती मदत, असा खुलासाही केला. म्हणून मुलाच्या हाती आलेला बेहिशेबी पैसा वा नशेची चाहूल लोकलाजेस्तव झाकणे ही माया नव्हे. त्याची वेळीच विचारपूस करावी, व्यसनावर उपचार करावेत, हलाल कमाईची वाट दाखवावी. अल्लाह पाहत आहे, ही जाणीव मनात रुजली तर निर्जन रस्त्यावरही त्याचा हात थांबेल.