परतीच्या प्रकाशातून वनांचे मोजमाप

विमानातून किंवा अंतराळातून लेसर प्रकाशाचा क्षणिक स्पंद भूमीकडे सोडावयाचा आणि तो परावर्तित होऊन येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, हे लेसर स्कॅनिंगचे मूलतत्त्व होय. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तो सुमारे ३० सेंटिमीटर अंतर तोडतो. जाणे-येणे हिशेबात घेता एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे उंचीतील १५ सेंटिमीटरांचा फरक होय.

वनावर पडलेला स्पंद एकाच ठिकाणाहून परतत नाही. त्याचा काही अंश शेंड्यावरून, काही मधल्या फांद्यांवरून, काही झुडपांवरून आणि उरलेला जमिनीवरून परततो. साधी उपकरणे यांतील मोजकेच प्रतिध्वनी टिपतात. पूर्णतरंग पद्धतीत मात्र परतणाऱ्या प्रकाशाचा संपूर्ण चढउतार नोंदला जातो. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाठविलेले 'गेडी' हे उपकरण याच पद्धतीचे आहे. त्याचा प्रत्येक स्पंद जमिनीवर सुमारे २५ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो.

संकेतावरील संस्कार

ही नोंद जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. प्रथम सूर्यप्रकाश व उपकरण यांमुळे मिसळलेला कोलाहल किती आहे हे ठरवून त्याखालील भाग वगळावा लागतो. नंतर वक्ररेषेतील बारीक खडबडीतपणा गुळगुळीत करून शिखरे शोधली जातात. प्रत्येक शिखर हा घंटेच्या आकाराचा एक वक्र मानून, अशा अनेक वक्रांच्या बेरजेतून मूळ नोंद जुळविली जाते. गणितज्ञ गाऊस यांच्या नावाने ओळखले जाणारे हे वक्र प्रत्येक थराची उंची आणि तेथून परतलेल्या प्रकाशाचे प्रमाण सांगतात. याखेरीज, सोडलेल्या स्पंदालाही स्वतःची लांबी असते. गेडीचा स्पंद सुमारे १५ नॅनोसेकंदांचा असल्याने दोन मीटरांहून जवळ असलेले थर एकमेकांत मिसळतात. मूळ स्पंदाचा आकार ज्ञात असल्यास त्याचा परिणाम गणिताने बराचसा वेगळा काढता येतो.

चूक कोठे होते?

घनदाट वनात जमिनीवरून परतणारा प्रकाश क्षीण असतो. कोलाहलाची मर्यादा फार वर ठेवल्यास तो वगळला जातो. मग झुडपांनाच जमीन समजले जाते आणि वृक्ष प्रत्यक्षाहून खुजे ठरतात. मर्यादा फार खाली आणल्यास कोलाहलच जमीन म्हणून गणला जातो. उताराची अडचण वेगळीच आहे. २० अंशांच्या उतारावर २५ मीटरांच्या वर्तुळाच्या दोन टोकांत सुमारे ९ मीटरांचे अंतर पडते. जमिनीचा प्रतिध्वनी तेवढाच पसरतो आणि त्यात लहान झाडे लपून जातात. सह्याद्रीसारख्या डोंगराळ मुलखात ही बाब विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

वनातील लाकूड आणि कार्बन यांचे अंदाज वृक्षांच्या उंचीवर बेतलेले असतात. म्हणून वनाच्या उंचीचा नकाशा हाती आला की त्यातील जमीन कशी निश्चित केली, उताराचा विचार झाला काय आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष मोजणीशी ताळा घेतला काय, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. यंत्र केवळ प्रकाश मोजते. त्याचा अर्थ माणसाने निवडलेल्या गणिती रीतीवर अवलंबून राहतो.