टपालाने आलेले बक्षीस

मुलांनो, शाळेत एखाद्याला बक्षीस मिळाले की आपण टाळ्या वाजवतो. पण त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. आज अशाच एका मुलाची हकीकत वाचू या.

स्कॉटलंडमध्ये मनीमस्क नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९४५ साली जॉन व्हाइटली याचा जन्म झाला. त्याचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. लहानग्या जॉनने एकदा रेडिओवर कविता म्हटली आणि त्यातून त्याला चित्रपटात काम मिळाले. १९५२ साली त्याचा पहिला चित्रपट आला, तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी 'द किडनॅपर्स' हा त्याचा चित्रपट आला. त्यात दोन अनाथ भाऊ कॅनडात आपल्या आजोबांकडे राहायला येतात. आजोबा फार कडक असतात. मुलांना कुत्रा पाळायचा असतो, पण आजोबा नको म्हणतात. एके दिवशी मुलांना रानात एक तान्हे बाळ सापडते. ती दोघे त्याला लपवून ठेवतात आणि जिवापाड जपतात. जॉनने मोठ्या भावाचे काम केले होते. त्यासाठी १९५५ साली त्याला ऑस्करचा बालकलाकार पुरस्कार मिळाला. धाकट्या भावाचे काम करणाऱ्या व्हिन्सेंट विंटरलाही तो मिळाला.

केवढा मोठा मान! पण आईवडिलांनी जॉनला अमेरिकेतील समारंभाला जाऊ दिले नाही. बक्षिसाचा पुतळा टपालाने घरी आला. खोके उघडले. दहा वर्षांच्या जॉनला तो पुतळा कुरूप वाटला. आपली निराशाच झाली, असे त्यांनी मोठेपणी सांगितले.

तुम्हाला काय वाटते? आईवडिलांनी मुलाच्या आनंदावर पाणी टाकले, की त्याचे बालपण सांभाळले? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी पुढची हकीकत वाचा.

१९५६ नंतर जॉनचा नवा चित्रपट आला नाही. पाच चित्रपटांवरच ती वाट संपली. जॉन शिकत राहिला. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्याने फ्रेंच चित्रकलेच्या इतिहासावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. आता आपण त्याला 'तो' म्हणायचे नाही, 'ते' म्हणायचे.

ऑक्सफर्डमध्ये ॲशमोलियन नावाचे जुने संग्रहालय आहे. ते १६८३ साली सुरू झाले. तेथे डॉ. व्हाइटली १९७८ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे काम करत होते. तेथील फ्रेंच रेखाचित्रांची मोठी सूची त्यांनी तयार केली. जुन्या व्हायोलिनांवरही पुस्तक लिहिले.

सूची म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. उर्दूत आपण इतिहासाला 'तारीख' म्हणतो. मराठीत तारीख म्हणजे दिवस. कलेच्या इतिहासकाराला या दोन्ही अर्थांची गरज पडते. जुने चित्र समोर आले की त्याला विचारावे लागते : हे कोणी काढले? केव्हा काढले? कागद कोणता आहे? पूर्वी हे कोणाकडे होते? पुराव्याशिवाय उत्तर लिहिता येत नाही. एका चित्रासाठी कितीतरी दिवस जातात आणि कोणी टाळ्या वाजवत नाही.

तरीही कामाची कदर झाली. २००९ साली फ्रान्स सरकारने त्यांना कला आणि साहित्याचा सन्मान दिला. २०२० साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, पहिले बक्षीस जॉनकडे न मागता आले. दुसरे मात्र त्यांनी स्वतः निवडलेल्या कामातून मिळवले. तुमच्यापैकी कोणाला आज बक्षीस मिळाले असेल, कोणाला नसेल. दोघांसाठीही उद्याचा दिवस शिल्लक आहे.

शब्दार्थ
टपाल – डाक
तान्हे – दूधपिते
संग्रहालय – अजायबघर
पुरावा – सबूत
कदर होणे – किंमत कळणे

स्वाध्याय
१. जॉनला पुरस्कार कोणत्या चित्रपटासाठी मिळाला?
२. जुन्या चित्राबद्दल इतिहासकार कोणते प्रश्न विचारतो?
३. तुम्ही जॉनचे आईवडील असता, तर काय केले असते? पाच ओळी लिहा.