छपरावरचे ऊन आणि भिंतीवरचा बोर्ड

खानदेशात उन्हाला तोटा नाही. वैशाखात भुसावळ-जळगावकडे दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही. त्याच उन्हाची वीज होते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने २०१३ साली १२५ मेगावॉटचे सौर वीज केंद्र उभे केले. आता घराच्या छपरावरही वीज करता येते. २०२४ साली केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले.

मग संच विकणारा घरी येतो. भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतो आणि म्हणतो, “दादा, हा बोर्ड बदलावा लागेल. त्याचा खर्च वेगळा.”

खरेच बदलावा लागतो का? की तो उगाच सांगतो? पैसा आपल्या घामाचा आहे. म्हणून आपणच समजून घेऊ.

छपरावर वीज तयार झाली, म्हणून घरातला पंखा जास्त वीज खात नाही. पूर्वी जेवढी घेत होता तेवढीच घेतो. तेव्हा घरभर नव्या तारा ओढायचे काही कारण नाही.

आता थोडा हिशेब करू. तीन किलोवॅट म्हणजे ३००० वॅट. घरातली वीज २३० व्होल्टची. ३००० ला २३० ने भागा. सुमारे १३ येतात. म्हणजे भर दुपारी छपरावरून १३ अँपिअर वीज येईल. तिच्यासाठी २० अँपिअरचा वेगळा एमसीबी लागतो. एमसीबी म्हणजे जादा वीज आली की आपोआप पडणारे बटण. पूर्वी हे काम फ्यूज करी. हे बटण आणि त्याची लहान पेटी संचाबरोबरच बसवतात.

मग बोर्डाचा प्रश्न येतो कुठे? शेतातली चारी डोळ्यांपुढे आणा. तिला पाटाचे पाणी येते. तोंडाशी फळी आहे. फळी बेताचेच पाणी आत सोडते. पण फळीच्या पुढे त्याच चारीत कोणी विहिरीच्या मोटारीचे पाणी सोडले, तर फळीला ते काय कळणार? दोन्ही पाणी मिळून चारी फुटते.

बोर्डाचेही तसेच आहे. मेन स्विच ही फळी. तो ३२ अँपिअरचा असला, तर खांबावरून त्याहून जास्त वीज घरात चालू देत नाही. पण छपराची १३ अँपिअर मेन स्विचच्या पुढे, घराच्या बाजूला जोडली, तर बोर्डातल्या तारेतून ४५ जाऊ शकतात. तार तापते. मेन स्विच मात्र पडत नाही. आग लागते ती अशी.

यावर उपाय सोपा आहे. छपराची तार मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये जोडायची. मग दोन्हीकडची वीज फळीतूनच आत येते. वायरमनला विचारा, “भाऊ, जोड कुठे देणार?” विचारायला लाजू नका. दिवे, पंखे आणि टीव्ही एवढ्याच घराला ४५ अँपिअर कधी लागत नाहीत. तेथे ही भीती थोडी. पाण्याची मोटार, गिझर आणि चक्की एकाच बोर्डावर असेल, तेथे जपायचे.

काही बोर्ड मात्र बदलायलाच हवेत, सौर संच बसवा की न बसवा. फ्यूज उडाला की पुष्कळ लोक किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार अडकवतात. ती तार वितळत नाही. मग घरातली तार जळते. लाकडी पाटीवर काळे डाग पडले असतील, मेन स्विचला हात लावला तर गरम लागत असेल, अर्थिंगच नसेल, तर विकणारा खरे बोलतो आहे. सौर संचाला तर वेगवेगळे तीन अर्थिंग लागतात: एक छपरावरच्या पाट्यांना, एक घरच्या विजेला, एक वीज पडू नये म्हणून लावलेल्या सळईला. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून भागत नाही.

घर मातीच्या धाब्याचे असेल, तर बोर्डाआधी धाबे तपासा. वाऱ्यात सांगाडा उचलला जातो.

आणखी दोन गोष्टी. लाईट गेली की साधा सौर संचही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपराचा धक्का बसू नये, म्हणून तशी सोय केलेली असते. दुसरे असे, की मेन स्विच बंद केला तरी दिवसा पाट्यांपासून खाली येणाऱ्या तारांत वीज असते. त्यांना पोरांना हात लावू देऊ नका.

आता विजेचे बिल काढा. त्यावर ‘मंजूर भार’ हे शब्द शोधा. पुढचा आकडा वाचा. तो तीन किलोवॅटपेक्षा कमी असेल, तरी घाबरू नका. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा, असा २०२४ चा नियम आहे. नंतर मेन स्विचवरचा अँपिअरचा आकडा वाचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. विकणारा आला की वही पुढे करा.