पत्ती जपून घास

दर्यापूर,
रविवार

चि. बाबू,

परवा मूर्तिजापूरच्या लग्नात तुझ्यासोबत चौघडा वाजवणारा पोरगा भेटला. म्हणाला, "काका, त्याची सनई आता नुसत्या फुंकरीनं बोलते." तो कौतुकानं बोलला, माझ्या पोटात मात्र गोळा आला. सनईच्या तोंडची पत्ती एवढी पातळ कशाला घासतोस रे?

मागं तू ओबोबद्दल लिहिलं होतंस. सनईचाच परदेशी भाऊ तो. युरोपात पत्ती टोकाकडे थोडीच घासतात, अमेरिकेत पार खालपर्यंत. ती रीत तिकडे फिलाडेल्फियाचे ओबोवादक मार्सेल ताब्युतो यांनी रुजवली. पण ते लांब घासणारेही मधला कणा राखतात, लेका! तू लांबी तेवढी उचललीस. घासली की सूर उतरतो, तो चढवायला तू टोक छाटतोस, मग पत्ती ताठ होते, की पुन्हा घासणं. शेवटी हाती भुसा. तार षड्जावर जरा जोर केला की दोन्ही पाती चिकटतात नि सनई मुकी.

एक गोष्ट आपल्या आबांनी तुला कधी सांगितली नसेल. मी तेवीसचा होतो. आठ दिवसांत सात लग्नं, ओठ सोलले होते. रात्री आबांच्या डबीतली पत्ती गुपचूप काढली नि काचेच्या तुकड्यानं घासली. सकाळी अंतरपाट दूर झाला आणि ती उभी चिरली. आबांनी साथीचा सूर धरला होता, तो एकटाच वाजत राहिला. वरमाय बघत होती. आबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सुटलो असतो.

म्हणून ओरडतो. ओठ दुखत असले तर दोन सुपाऱ्या कमी घे, पण पत्तीवर राग काढू नकोस.

डबीत चार पत्त्या पाठवतोय. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या डुमरावकडच्या, शोणकाठच्या नरकटाच्या आहेत. आपल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी लागलं की पत्तीवर पांढरं पुट चढायचं, म्हणून मी पावसाचं पाणी बाटलीत धरून ठेवायचो. तुझ्याकडे गोडं पाणी आहे. त्यातली जाड पत्ती मी माझ्यासाठी ठेवली होती, पण आता खालचे दात गेले.

काकू म्हणते, "त्याले सांगा, ओठाले तूप लावत जाय." दिवाळीला ये. सूर अजून धरता येतो मला. तू वाजव.

तुझा,
काका