पाटी हातात घेण्याआधी

मालवणच्या समुद्रात मी उतरले ती एमएस्सीच्या प्रबंधासाठी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत प्रवाळ किती उरलंय, ते मोजायचं होतं. पोहता येत होतं, स्कूबाचा प्राथमिक कोर्स झाला होता, 6 डाइव्ह जमेला होत्या. एवढी तयारी पुरेशी आहे असं मी धरून चालले.

काम ऐकायला सोपं. 20 मीटरची फीत तळावर अंथरायची आणि दर अर्ध्या मीटरला तिच्याखाली काय आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने टिपायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू, खडक. पण मालवणचं पाणी म्हणजे फोटोतलं अंदमान नव्हे. गाळ असतो, दोन-तीन मीटरपलीकडचं धूसर होतं. वाचायला मी खाली वाकायची, लिहिताना नकळत श्वास रोखायची. पाण्याखाली श्वास रोखणं हीच सर्वांत मोठी चूक. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते आणि ती बाहेर सोडली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. कोर्समध्ये हे पाठ केलं होतं. हातात पाटी आली आणि विसरले.

तिसऱ्या दिवशी, 7 मीटर खोलीवर, एक नोंद पक्की करायला मी पुन्हा मागे वळले. रोखलेला श्वास सोडला तशी खाली गेले, सावरायला पाय मारला आणि उजव्या फिनला काहीतरी लागलं. टर्बिनेरिया होतं ते, द्रोणासारखं पसरणारं प्रवाळ. त्याची तळहाताएवढी कड तुटून वाळूत पडली. वर मी उडवलेला गाळ शेजारच्या वसाहतींवर बसला. तो झटकण्यातच त्या इवल्या जिवांची शक्ती खर्च होते. घाबरून हवेचं गेज पाहिलं तर काटा 40 बारवर. 50 ला वर निघायचं ठरलं होतं. जोडीदार मैत्रीण कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. तिनेच मला शोधून वर आणलं.

होडीत तांडेलकाकांनी एवढंच म्हटलं, "बाय, पाण्यात घाय करूची नाय."

म्हणून या कामाला निघणाऱ्यांना कळकळीने सांगते, पाटी नंतर. आधी नुसत्या वाळूवर, जिथे मोडण्यासारखं काही नाही तिथे, हात बांधून अधांतरी राहायला शिका. श्वास घेतला की अंग क्षणभराने वर जातं, सोडला की खाली येतं. तो क्षणभराचा उशीर अंगवळणी पडायला मला आणखी 14 डाइव्ह लागल्या. त्या फुकट गेल्या असं मार्गदर्शकांनाही वाटू देऊ नका. मोजणारी एक आणि हवा, वेळ, अंतर सांभाळणारी दुसरी, असं काम वाटून घ्या. दर पाचव्या नोंदीला गेज बघा.

सर्दी असेल तर उतरू नका, होडीचे पैसे बुडाले तरी. गोळी घेऊन नाक मोकळं करणं तर अधिक घातक: खाली तिचा असर ओसरला की वर येताना कानातली हवा अडकते. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नको. मोपा विमानतळाचं तिकीट त्या हिशेबाने काढा. आणि तुटलेला तुकडाही उचलू नका. वन्यजीव कायद्यात दगडी प्रवाळ वाघाच्याच, पहिल्या अनुसूचीत आहे. अभ्यासासाठीही वन विभागाची परवानगी आधी हातात हवी.

पुढच्या जानेवारीत त्याच रेषेवर पुन्हा फीत टाकली. तो द्रोण जिवंत होता, पण तुटलेल्या कडेवर हिरवट लव धरली होती आणि फितीचा बिंदू नेमका तिथेच आला. मी पाटीवर लिहिलं: शेवाळ.