वीरकेंद्री आणि महाकाव्यात्म अद्भुतकथा : आकर्षणाचे स्वरूप

प्रास्ताविक

अद्भुतकथेचे दोन प्रकार आपल्याला सर्वसाधारणपणे तिच्या आकारावरून ओळखता येतात असे वाटते. एका वीराची कथा ती लहान, आणि अनेक कुळांची, राज्यांची व युद्धांची कथा ती मोठी. प्रस्तुत घटकात हा समज बाजूला ठेवून आपण वेगळा प्रश्न विचारणार आहोत : वाचकाला या दोन कथा कोणते आश्वासन देतात?

विषय-विवेचन

इंग्रजीत या प्रकारांना अनुक्रमे हिरॉइक फँटसी आणि एपिक फँटसी म्हणतात. रॉबर्ट हॉवर्ड यांचा कोनन हा वीर डिसेंबर १९३२ मध्ये एका अमेरिकी मासिकात प्रथम अवतरला. त्याच्या कथा सुट्या आहेत आणि कोणत्याही क्रमाने वाचता येतात. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांतील कथा १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक प्रकरण गाळले तरी पुढचे अडखळते. पहिल्या प्रकारात वीर पणाला लागतो, दुसऱ्यात जग.

मराठी वाचकाला हे दोन्ही अनुभव नवे नव्हते. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ (१७१२) चौसष्ट अध्यायांचा आहे. चातुर्मासात रोज थोडा थोडा वाचत गावोगावी तो पूर्ण केला जाई. त्यानंतर दीडशे वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या, आणि पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३). समीक्षकांनी या परंपरेला बहुधा पलायनवादी ठरवले. तो निवाडा मला घाईचा वाटतो. रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत या लेखनाचे कारण स्वतःच दिले आहे. विवाहादी रूढींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक असे सद्‌गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत; रोजचे अनुभव लिहिले तर त्यात वाचकाला गुंतवणारे काही राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे विधान कबुलीजबाबासारखे वाचून पाहावे. ज्या समाजात स्वतःचा जोडीदारही स्वतः निवडता येत नाही, तेथे ‘एका माणसाने ठरवले आणि तसे घडले’ हे साधे वाक्यसुद्धा अद्भुतच ठरते. वीरकेंद्री कथेचे आकर्षण राक्षसांत वा भुयारांत नाही, ते या वाक्यात आहे.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. उदाहरणादाखल रचलेले हे वाक्य पाहा : ‘घोडा झाडीत बांधून, तटाला दोर लावून, पहारेकऱ्याची नजर चुकवून तो आत शिरला.’ मराठीत ‘ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधितांचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असतो. चार क्रिया, कर्ता एक. वाचक त्या कर्त्याच्या खांद्यावर बसून तट चढतो. आता दुसरे वाक्य : ‘ज्या ऋषीचा अपमान ज्या राजाने केला, त्याच्या शापामुळे त्या कुळातील तिसऱ्या पिढीवर हे युद्ध कोसळले.’ येथे कर्ते बदलत जातात आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता माणूस नाही, युद्ध आहे. हा काटेकोर नियम नव्हे, परंतु दोन्ही प्रकारांच्या निवेदनाचा कल यातून दिसतो. महाकाव्यात्म कथा कर्तृत्व वाटून टाकते. म्हणून तिचे आश्वासन वेगळे असते : तुझ्या दुःखाला मागे कारण आहे आणि पुढे परिणाम, ते एकटे नाही.

या आश्वासनाची किंमतही असते. जयद्रथवधाशी कथा संपवली तर अर्जुन हा निखळ वीर. महाभारत तेथे थांबत नाही. मौसलपर्वात द्वारकेतील स्त्रियांना घेऊन निघालेल्या याच अर्जुनावर आभीर तुटून पडतात, त्याला अस्त्रे आठवत नाहीत, गांडीव उपयोगी पडत नाही आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात. टॉल्किनचा फ्रोडोही अखेरच्या क्षणी अंगठी टाकून देऊ शकत नाही, आणि घरी परतल्यावर त्याला घर मानवत नाही. वीरकेंद्री कथेला हे परवडणारे नाही. तसेच तिला पहारेकऱ्याचे नाव विचारणेही परवडत नाही. वर रचलेल्या वाक्यात तो केवळ चुकवण्यापुरता आहे. महाकाव्य मात्र एकलव्याला नाव देते, अंगठा मागते आणि तो अन्याय शतकानुशतके वाचकाच्या मनात जागा ठेवते. प्रौढ वयात महाकाव्य अधिक जवळचे वाटते ते यामुळे. तरुणपणी तटावर चढणारा दिसतो. संसार, नोकरी, शेती केल्यावर तटावर उभा असलेलाही दिसू लागतो.

तथापि या दोन प्रकारांमधील सीमा पक्की नाही. परभणी जिल्ह्यातील आपल्यापैकी अनेकांनी गोंधळ रात्रभर जागून ऐकला असेल. गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यामुळे परभणीचे नाव या कलेशी कायमचे जोडले गेले आहे. संबळ, तुणतुणे आणि दिवटीच्या उजेडात गोंधळी संपूर्ण महाभारत सांगत नाही. तो एक आख्यान उचलतो. गोंधळाच्या परंपरेतील आणि विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजवलेले ‘जांभूळ आख्यान’ पाहा. कुरुक्षेत्र दूर राहते, आणि द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची ओढ हाच सगळा प्रसंग होतो. एका व्यक्तीवर एवढा प्रकाश टाकणे ही वीरकथेची रीत आहे, मात्र हातातील शस्त्राऐवजी येथे मन आहे. श्रोत्याला पुढचे युद्ध ठाऊक असते, म्हणूनच त्या एका ओढीला वजन येते. आख्यान लहान राहू शकते, कारण महाकाव्य श्रोत्यांनी घरूनच आणलेले असते. कोननच्या वाचकापाशी अशी शिदोरी नव्हती, हा फरक पाश्चात्त्य वर्गीकरण मराठीला लावताना ध्यानात घ्यावा लागतो.

सरावासाठी

आपल्या परिसरात ऐकलेले एखादे आख्यान किंवा पोवाडा निवडा. त्यातील सलग दहा वाक्ये लिहून काढा आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. कर्ता कोठे बदलतो आणि त्या ठिकाणी श्रोत्याचे लक्ष कोणाकडे जाते, हे सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा. ज्यांचा केवळ ओझरता उल्लेख आला आहे, अशा पात्रांची वेगळी नोंद करावी.